डब्याचा फोटो जेवणाआधीचा असतो

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, इथे कोल्हापुरातच बालवाडीत जातो. वजन १३ किलो ८०० ग्रॅम, उंची ९७ सेंटिमीटर. आमटी-भात, बिस्किटं आणि दूध एवढंच खातो-पितो. दूध म्हशीचं, गावाकडून येतं. दिवसाला मोठे तीन ग्लास. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज डब्यांचे फोटो पडतात : बीटाची धिरडी, पालकाच्या पुऱ्या, चांदणीच्या आकाराची काकडी. इन्स्टाग्रामवर बघून मखाना पावडर, सुक्यामेव्याची पावडर, मोड आलेल्या नाचणीचं पीठ मागवलं, तो तोंडात घेत नाही. ग्रुपवर विचारलं तर कुणी म्हणालं उपाशी ठेवा, कुणी म्हणालं मोबाईल लावून भरवा. एकीने लिहिलं, 'सवय आईच लावते.' त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. काय करू? ग्रुप सोडू का?

उत्तर :

ताई, आधी मुलाचं बघू, ग्रुपचं नंतर. साडेतीन वर्षांच्या मुलग्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यावर मधली रेषा साधारण सव्वापंधरा किलोच्या आसपास जाते. तुमचा मुलगा त्या रेषेच्या थोडा खाली आहे, पण नेहमीच्या पट्ट्यात आहे. उंचीचंही तसंच. एका दिवसाच्या आकड्यावरून फार काही सांगता येत नाही. लसीकरणाच्या कार्डावर मागची वजनं लिहिलेली असतील. ती काढा आणि तक्त्यावर ठिपके जोडून बघा. रेषा आपल्या वाटेने वर जात असेल तर या मुलाला अन्न मिळतंय.

दुसरं वर्ष लागल्यापासून मुलांची भूक कमी होते, हे आया-आज्यांना कुणी नीट सांगतच नाही. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं आणि पुढे पाच वर्षांपर्यंत वर्षाला दोन किलोच्या आसपास. वाढ मंदावली की भूकही मंदावणारच. आठ महिन्यांचा असताना वाटीभर खिमट चाटूनपुसून खाणारा पोरगा तीन वर्षांचा झाल्यावर चार घास खाऊन पळतो. आपल्याला वाटतं काहीतरी बिघडलं. ग्रुपवर 'माझा काहीच खात नाही' म्हणणाऱ्या बहुतेक आया याच वयाच्या मुलांच्या असतात, त्या यामुळे.

आता दूध. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. मोठे तीन ग्लास म्हणजे पाऊण लिटरच्या घरात. म्हशीचं दाट दूध, त्यात बहुधा साखर किंवा चॉकलेटची पावडर. एवढं पोटात गेल्यावर साडेतीन वर्षांच्या पोराला पोळी-भाजीची भूक लागणार कुठून? या वयाला दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर दूध भरपूर झालं, आणि त्यात दही-ताकही धरायचं.

आपल्या कोल्हापुरात हे बोलणं अवघड आहे, मला माहीत आहे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून दिलेलं धारोष्ण दूध पिऊन इथे पैलवान घडले, असं ऐकतच आपण मोठे झालो. पण तालमीतला गडी हजार-हजार जोर-बैठका मारतो आणि दुधासोबत भाकरी, मटण, बदामाची थंडाईही रिचवतो. तुमचा मुलगा दूध पितो ते जेवणाच्या बदल्यात. (लहान मुलांना कच्चं धारोष्ण दूध तर देऊच नका, उकळूनच द्या.)

दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. दुधावर वाढलेली मुलं म्हणूनच बऱ्याचदा गुटगुटीत पण फिकट दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. तीन मुलांमागे दोन. खात्यापित्या घरातली मुलंही त्यात आहेत. आणि लोह कमी झालं की भूक आणखी मरते. मग आई घाबरून अजून एक ग्लास दूध देते. हा फेरा तोडायचा असेल तर आधी दूध मोजा आणि मुलाचं हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या.

आता ग्रुपकडे येऊ.

माझ्याकडे येणाऱ्या आया हल्ली मूल काय खातं ते सांगत नाहीत, फोन काढून डब्याचे फोटो दाखवतात. फोटो सुंदर असतात, यात वाद नाही. मी एवढंच विचारते, 'डबा परत आल्यावरचा फोटो आहे का?' मग हसू येतं. चांदणीची काकडी तशीच परत आलेली असते, पुरीचा एक कोपरा खाल्लेला असतो आणि शेजारच्या मुलीच्या डब्यातली साखर-पोळी पोटात गेलेली असते. फोटोवरून मुलाचं खाणं ठरवणं म्हणजे आखाड्यात सलामी झाल्या झाल्या कुस्तीचा निकाल सांगण्यासारखं आहे. फोटो टाकणारी खोटं बोलत नाही. तिने सकाळी सहाला उठून खरंच ते केलंय, आणि घरात कुणी 'छान केलंस' म्हणालं नसेल तर ग्रुपवर तरी म्हणावं एवढीच तिची अपेक्षा असते. पण बाकीच्या तीस जणी तो फोटो आपल्या प्रगतिपुस्तकासारखा वाचतात, आणि तिथून सगळं सुरू होतं.

या गप्पांत खाण्याच्या पदार्थांवर फार बोललं जातं. खाण्याच्या वेळा, दोन खाण्यांमधलं अंतर, मूल कुणासोबत बसून जेवतं, यावर जवळजवळ काहीच नाही. कारण त्याचा फोटो निघत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाच्या जेवणाचा निम्मा प्रश्न मात्र तिथेच असतो. शाळेतून आल्यावर दूध, चारला बिस्किटं, पाचला आजोबांबरोबर चहात बुडवलेली खारी, साडेसहाला केळं. मग आठ वाजता 'जेवत नाही' म्हणून ताटाभोवती रडारड. त्या खारीचा फोटो कुणी टाकत नाही. आणि चहा, अगदी बशीतला दोन घोटही, या वयात नको. त्यातलं टॅनिन लोहाला अडवतं.

तुम्हाला मिळालेले दोन्ही सल्ले बघा. 'उपाशी ठेवा' यात शहाणपणाचा एक कण आहे : दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तासांची मोकळी जागा हवी आणि तेवढ्या वेळात पाण्याशिवाय काही नको. पण शिक्षा म्हणून उपाशी ठेवणं वेगळं. त्याने मूल फक्त चिडतं, आणि ताट म्हणजे भांडणाची जागा असं त्याच्या डोक्यात बसतं. 'मोबाईल लावून भरवा' याला मी सरळ नाही म्हणते. पडद्याकडे बघणाऱ्या मुलाला तोंडात काय आलं आणि पोट कधी भरलं, दोन्ही कळत नाही. आज चार घास जास्त जातात, पण सहा महिन्यांनी मोबाईलशिवाय एकही जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त पडदा नको, आणि कमी असेल तितकं बरं. गंमत म्हणजे, 'माझं बाळ किती छान खातं' असे बरेचसे व्हिडिओ बाळाच्या तोंडासमोर मोबाईल धरूनच काढलेले असतात.

काय वाढायचं, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. एवढी एकच वाटणी घरात पाळता आली तर अर्धी कटकट संपते. नवा पदार्थ एका चाखण्यात आवडत नाही. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही तो ताटात दिसावा लागतो, जबरदस्ती न करता. तुमच्या मुलाने नाचणी 'तोंडात घेतली नाही' ती किती वेळा? बहुतेकजणी दोन-तीन वेळांत हार मानतात आणि पुढचं पाकीट मागवतात. प्रमाणही लहान ठेवा. वर्षाला एक मोठा चमचा या हिशेबाने तीन चमचे भाजी हा त्याचा पूर्ण वाटा झाला. मोठ्यांच्या वाटीने मोजलं तर तो कायम 'काहीच खात नाही' असाच दिसणार.

पावडरींवर जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे तुमचे पैसे जातात. मखाना वाईट नाही, पण त्यात जादूही नाही. सुक्यामेव्याची पावडर दुधात घालून दिली की दूध आणखी जड होतं, म्हणजे आपला मूळ प्रश्न वाढतो. नाचणी उत्तम. ती राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीच्या डोंगरात पिकते आणि आपल्या बाजारात साध्या पुडीत मिळते. घरी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून दळली की झालं. रीलमध्ये तीच नाचणी गोंडस बरणीत भरून येते. पाकिटावर पुढे काय लिहिलंय ते सोडा, मागे बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे. पहिल्या तिनांत साखर, गूळ पावडर, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा खजूर सिरप असेल तर ते गोड खाणं आहे, नाव काहीही असो. दुधात घालायच्या पावडरींचंही तेच. १०० ग्रॅमला ३० ग्रॅम साखर असेल तर २० ग्रॅमच्या मापात ६ ग्रॅम, म्हणजे सव्वा चमच्याच्या आसपास. दिवसातून दोनदा दिली की अडीच चमचे. या वयाच्या मुलाला दिवसभरात वरून घातलेली साखर तीन चमच्यांच्या आत राहावी. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही.

आणि गूळ. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, माझ्याही घरात तोच असतो. पण 'साखर नाही, फक्त गूळ' म्हणून रोज तीन लाडू देणाऱ्या पोस्टखाली शेकडो लाल हृदयं उमटतात तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही. शरीराच्या हिशेबात गूळ ही साखरच. सणाला, थंडीत, शेंगदाण्याबरोबर जरूर द्या. फक्त त्याला औषध समजू नका. त्यातल्या लोहासाठी म्हणून द्यायचा तर वाटीभर गूळ खावा लागेल.

एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. दोन वर्षांखालच्या बाळांसाठीचं पाकीटबंद अन्न, डब्याचं दूध आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. म्हणजे सात महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन एखाद्या कंपनीच्या तयार खिमटाची तारीफ करणारी ताई पैसे घेऊन बोलत असेल तर तो मैत्रिणीचा सल्ला नव्हे, कायद्यात न बसणारी जाहिरात आहे. इतर उत्पादनांच्या बाबतीत, पैसे किंवा फुकटचा माल घेतला असेल तर तसं ठळक सांगणं बंधनकारक आहे. आरोग्यावर बोलणाऱ्यांनी आपली पात्रता सांगावी असंही २०२३ पासून अपेक्षित आहे. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'पेड पार्टनरशिप' असेल तर ती पोस्ट दुकानाची पाटी म्हणून वाचा. जिथे वय लिहिलेलं नाही, 'पंधरा दिवसांत दोन किलो वाढलं' असा दावा आहे आणि शेवटी लिंक आहे, ती वाचायचीसुद्धा गरज नाही. मध, अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पूर्ण द्राक्ष हे बघून लगेच करून पाहण्याचे पदार्थ नव्हेत. मध वर्षाच्या आत अजिबात नाही. अख्खे दाणे आणि फुटाणे पाच वर्षांपर्यंत घशात अडकू शकतात, म्हणून कूट करून द्यावेत, द्राक्षं उभी चिरून.

उलट जे खरोखर कामाचं आहे ते कुठल्याच रीलमध्ये दिसत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडचं सिरप आशाताई, अंगणवाडीमार्फत फुकट मिळतं. एक मिलिलिटर, आठवड्यातून दोनदा. जंताचं औषध फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या मोहिमेत मिळतं. 'ते सरकारी, आपल्याला कशाला' म्हणून पेठांतली घरं ते घेत नाहीत आणि हजार रुपयांची पावडर मागवतात. तुमच्या मुलाचं लोहाचं औषध मात्र तपासणीनंतर, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने.

सोशल मीडियाने काहीच चांगलं केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०२५ च्या सुरुवातीला केरळमधल्या एका चिमुरड्याचा व्हिडिओ आईने टाकला : अंगणवाडीत उपमा नको, बिर्याणी आणि तळलेलं चिकन हवं. देशभर लोक हसले, पण त्या राज्याने पुढे अंगणवाडीचा आहार खरोखर बदलला. त्याच वर्षी मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड', म्हणजे साखरेची माहिती देणारे फलक, लावायला सांगितलं, तेही साखरेबद्दल लोक बोलू लागल्यावर. पालकांनी शाळेच्या गेटबाहेर काय विकलं जातं यावर ग्रुपमध्ये चर्चा केली तर मला आवडेल. शाळेच्या आवारात आणि गेटपासून पन्नास मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मिठाचे पदार्थ विकू नयेत असा नियम २०२० मध्येच झालाय. पण ते विचारायला शाळेशी बोलावं लागतं. एखाद्या आईला 'सवय आईच लावते' म्हणणं त्यापेक्षा सोपं.

त्या वाक्याबद्दल. घरात सासूबाई दूध देतात, आजोबा खारी देतात, बाबा रविवारी रंकाळ्यावर भेळ आणि आइस्क्रीम चारतात, पाहुणे चॉकलेट आणतात. हिशेब मात्र आईच्या नावावर. ग्रुपचं नाव 'पालक', आणि बोलतात फक्त आया. मुलाच्या बाबांना ग्रुपमध्ये घ्या किंवा घेऊ नका, पण दूध मोजायचं आणि पाचची खारी बंद करायचं काम त्यांना द्या. आजोबांशी बोलायचं तर त्यांनीच बोललेलं बरं. सुनेने सांगितलं की त्याचा विषय भलताच होतो.

आणखी एक विनंती. 'आमचा काहीच खात नाही' हे मुलाच्या देखत म्हणू नका, व्हॉइस मेसेजमध्येसुद्धा नको. साडेतीन वर्षांचं पोर सगळं ऐकतं, आणि न खाण्याने घरभर किती धावपळ होते याची त्याला मजाही वाटते. त्याचं वजन, नाव, रडतानाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका. विचारायचंच असेल तर असं लिहा : 'साडेतीन वर्षं, वाढ तक्त्यावर ठीक आहे. संध्याकाळी सात वाजता भूक लागेल असं काय काय करता?' प्रश्न नेमका असला की उत्तरंही स्वयंपाकघरातली येतात, शेरे येत नाहीत.

तुमच्यासाठी सुरुवात अशी. दूध आठवडाभरात तीन ग्लासांवरून दोन लहान कपांवर आणा, जेवणाच्या वेळेपासून लांब आणि पावडरीशिवाय. पहिले चार दिवस तो दंगा करेल. बिस्किटांचा पुडा घरातच आणू नका. आमटी-भात खातो ना? मग तिथूनच पुढे जा. कधी तुरीची, कधी मसुराची, कधी कुळथाची आमटी. त्यात घोटलेली चाकवत किंवा राजगिऱ्याची पालेभाजी आणि वर लिंबू पिळा. लिंबामुळे डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. शेजारी मटकीच्या उसळीचा एक चमचा, खाल्ला तर खाल्ला. मांसाहार करत असाल तर आपली जुनी पद्धत सोन्यासारखी आहे. रविवारी मटण हळद, मीठ, आलं-लसणात शिजवलं की तांबडा-पांढऱ्याला फोडणी देण्याआधी पोरांसाठी वाटीभर आळणी, म्हणजे बिनतिखटाचा रस्सा, काढून ठेवायची. त्या आळणीत भात कुस्करायचा आणि कलेजीचा किंवा मऊ मटणाचा एक तुकडा बारीक करून घालायचा. नुसतं पाणी नको, लोह तुकड्यात असतं. याचा फोटो अजिबात चांगला येत नाही, वाटीत तपकिरी गोळा दिसतो. अंडं आठवड्यातून तीन-चारदा चालेल. आणि सगळ्यांबरोबर, त्याच ताटातलं, वीस-पंचवीस मिनिटांत. मग ताट उचलायचं, काही न बोलता.

मात्र काही गोष्टी ग्रुपवर विचारायच्याच नाहीत. तीन महिन्यांत वजन वाढलेलं नसेल किंवा रेषा खाली वळली असेल, ओठ-नखं फिकट दिसत असतील, माती-खडू-भिंतीचा चुना खात असेल, गुठळी आली की ओकारी येत असेल, शौचाला चार-चार दिवस होत नसेल, किंवा आधी खात होता ते पदार्थही एकेक करून सोडत असेल आणि ठरावीक रंगाचं, ठरावीक ताटलीतलंच मागत असेल, तर सरळ बालरोगतज्ज्ञ गाठा. यात सवयीपेक्षा वेगळं कारण असू शकतं.

ग्रुप सोडू नका. शाळेच्या सुट्ट्या आणि फीच्या तारखा तिथेच येतात. आवाज बंद ठेवा आणि सकाळी नऊच्या आत उघडू नका. डब्याचे फोटो त्याच वेळी पडतात. ज्या दोन-तीन आयांशी तुमचं जमतं त्यांना गेटवर विचारा, आज डब्यात काय परत आलं. दुधाचं माप आणि हिमोग्लोबिनचा आकडा हातात आला की तीन आठवड्यांनी मला कळवा. पुढचं त्यावरून ठरवू.